व्हॉल्व्ह गेलाय

मंडळी, आमच्या वयाच्या माणसांना ‘व्हॉल्व्ह’ म्हटलं की आता पहिल्यांदा हृदयातलाच आठवतो. कट्ट्यावर कुणी म्हणालं, "त्याचा व्हॉल्व्ह बदलला," की लगेच पुढचा प्रश्न येतो, "कुठं, पुण्याला का मिरजेला?" पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी याच वाक्याने कुणी घाबरत नसे. "व्हॉल्व्ह गेलाय" म्हणजे रेडिओ बंद पडलाय, आणि आता दुकानात जाऊन काचेची एक नळी आणायची आहे, एवढाच त्याचा अर्थ. आज त्या काचेच्या नळीविषयी लिहायचं आहे. आमच्या सातारा-सांगलीकडे ती कशी आली, कुणी कुणी ती हाताने बदलली, आणि गेली गेली म्हणताना आता गिटारवाल्या पोरांच्या घरात ती पुन्हा कशी लागली, असा हा सगळा पसारा आहे. लेख लांबणार, चहा घेऊन बसा.

शाळेच्या पुस्तकात तिला ‘निर्वात नलिका’ म्हणत. वर्गात शिकवायला ठीक, पण ‘निर्वात नलिका गेली’ असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. अमेरिकेत तिला ट्यूब म्हणतात. आपल्यावर इंग्रजांचं राज्य, म्हणून आपण व्हॉल्व्ह म्हणालो. शब्द मात्र चपखल आहे. सायकलच्या ट्यूबमधला व्हॉल्व्ह हवा आत सोडतो आणि बाहेर येऊ देत नाही, तसं हे यंत्र वीज एकाच दिशेने जाऊ देतं. एडिसनच्या दिव्यात १८८० च्या दशकात एक गंमत दिसली होती. तापलेल्या तारेपासून जवळच्या धातूच्या पट्टीकडे, मध्ये काहीच नसताना, थोडी वीज जाते. एडिसनने ती नोंदली आणि तो पुढच्या कामाला लागला. १९०४ साली लंडनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंगने त्यातून पहिला व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्या दोघांच्या मध्ये तारेची एक जाळी बसवली, आणि सगळं चित्र पालटलं. त्या जाळीवर विजेचा इवलासा चढउतार दिला, की पट्टीकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहात तसाच पण मोठा चढउतार होतो. कालव्याच्या दारावर एक माणूस चाक फिरवतो आणि मागे धरणाचं पाणी कमी-जास्त होतं, तसंच हे. कुजबुजीची आरोळी करणारं यंत्र सापडलं. रेडिओ, लाउडस्पीकर, बोलपट ही सगळी त्याच जाळीची लेकरं.

आता आपल्या भागाकडे येऊ. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून पुढे जवळजवळ नव्वद वर्षं मराठी नट नुसत्या गळ्यावर थिएटर भरत होते. शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसाला ऐकू गेलं नाही तर तो उठून सांगायचा! पुढे लाउडस्पीकर आला तो राजकीय सभांतून. काँग्रेसच्या मोठमोठ्या सभांच्या फोटोंत गांधीजींच्या किंवा नेहरूंच्या समोरच्या मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ असं लिहिलेलं दिसतं. ती कंपनी शिकागोची नसून आपल्याकडच्या मोटवाने कुटुंबाची. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईतून गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला, त्याच्या सामानासाठी याच कंपनीच्या नानक मोटवान्यांनी मदत केली आणि त्यांनाही अटक झाली. नोव्हेंबरात पोलिसांनी तो रेडिओ पकडला. युद्ध चालू होतं, हौशी लोकांचे प्रक्षेपणाचे परवाने सरकारने आधीच रद्द केले होते. त्या काळात प्रक्षेपणाचे व्हॉल्व्ह बाळगणं म्हणजे काडतुसं बाळगण्यासारखंच. पुढच्या वर्षी आमच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणून आमच्या घराण्यात अर्धे सातारकर आणि अर्धे सांगलीकर, आणि दोघेही स्वतःला मूळचे म्हणवतात. असो.)

घरोघरी रेडिओ यायला मात्र स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं जावी लागली. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ चं, सांगली केंद्र १९६३ चं. त्याआधी मुंबई लागली तर लागली, नाहीतर रात्री सिलोन. सिलोनचं निम्मं श्रेय आपल्याच एका मराठी मंत्र्याला द्यावं लागेल. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीताची हकालपट्टी झाली आणि अख्खा हिंदुस्थान १९५२ पासून बिनाका गीतमालेसाठी सिलोनकडे कान लावून बसला. १९५७ ला विविध भारती काढून सरकारने चूक निस्तरली. पण सिलोन आणि सुरुवातीची विविध भारती, दोन्ही लघुलहरींवर. म्हणजे आवाज येणार, जाणार, खरखरणार. त्यामुळे व्हॉल्व्ह थोडा म्हातारा झाला तरी लगेच कळायचं. पुणे केंद्र दिवसा ठणठणीत, आणि रात्री सिलोन गायब!

रेडिओला परवाना लागत असे, हे नातवंडांना सांगितलं तर ती हसतात. पोस्टातून काढायचा, वर्षाला १५ रुपये भरायचे, पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात ते प्रकरण संपलं. तोवर ते परवान्याचं पुस्तक रेशन कार्डाच्या शेजारी पेटीत असायचं.

खेड्यांत वीजच नव्हती. तिथे ड्राय बॅटरीवरचा सेट. विटेएवढी जड बॅटरी, तिच्यात दोन वेगळे दाब. व्हॉल्व्हच्या तारा तापवायला दीड व्होल्ट आणि पट्ट्यांना ९० व्होल्ट. कुणी अतिउत्साहात तारा उलट्या जोडल्या, की ९० व्होल्ट त्या केसाएवढ्या तारांतून जाऊन चारही व्हॉल्व्ह एका क्षणात खलास. म्हणून गावच्या सार्वजनिक सेटला कुलूप असायचं आणि किल्ली ग्रामसेवकाकडे किंवा मास्तरांकडे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं निवडली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे वीस कार्यक्रम, आणि ऐकून झालं की गावकऱ्यांनी बसून त्यावर चर्चा करायची. समाजशास्त्राची मंडळी अजून त्या प्रयोगाचे दाखले देतात. मला त्यात वेगळंच दिसतं. दीडशे गावांत दीडशे सेट दहा आठवडे बोलते ठेवायचे, म्हणजे दीडशे बॅटऱ्या आणि पाच-सहाशे व्हॉल्व्ह जिवंत ठेवायचे. चर्चा करणाऱ्यांची नावं अहवालात येतात, व्हॉल्व्ह खोचणाऱ्यांची येत नाहीत.

आता सेटच्या मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढू. (प्लग काढलाय ना? आधी प्लग काढा.)

साध्या घरगुती सेटमध्ये पाच व्हॉल्व्ह. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८०. मी बी. ए.चा माणूस, विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या आतला. पण ही नावं म्हणजे पाणिनीच्या वळणाची आहेत हे कळलं तेव्हा मला भारी आनंद झाला. प्रत्येक अक्षराला अर्थ आहे. पहिलं ‘ई’ म्हणजे आतली तार ६.३ व्होल्टवर तापते. ‘यू’ असेल तर माळेतला व्हॉल्व्ह. ‘डी’ असेल तर बॅटरीवरचा. पुढची अक्षरं आतल्या रचनेची. ‘सी’ म्हणजे एक जाळी, ‘एफ’ म्हणजे तीन जाळ्या, ‘एल’ म्हणजे तीन जाळ्यांचाच पण ताकदीचा, स्पीकर हलवणारा. ‘झेड’ म्हणजे घरच्या उलटसुलट विजेला एका दिशेला लावणारा. आकड्यातला आठ म्हणजे नऊ पायांची छोटी बैठक. तीन असेल तर आठ पायांची मोठी. ‘ईसीसी ८३’ म्हणजे एका काचेत दोन ‘सी’, म्हणजे द्वंद्व समासच की! नाव वाचलं की विग्रह झाला. विग्रह झाला की काम कळलं. सरकारी योजनांची नावं अशी असती तर किती बरं झालं असतं.

या सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते पाय. व्हॉल्व्ह डाग देऊन चिकटवलेला नसतो, बैठकीत नुसता खोचलेला असतो. कारण बनवणाऱ्याला ठाऊक होतं की हा मरणार. आतल्या तापणाऱ्या नळीवर एक पांढरा लेप असतो. त्यातून कण सुटतात, तोवर आवाज. लेप संपला की संपलं. दिव्याच्या बल्बसारखंच. म्हणून पेटीच्या आतल्या बाजूला कागदावर नकाशा चिकटवलेला असे, कोणता व्हॉल्व्ह कुठं बसतो त्याचा. म्हणजे सेट घेणाऱ्याने कधी ना कधी मागचं झाकण उघडायचं, हे कारखान्यात गृहीत धरलं होतं.

गृहीत धरलं होतं, पण आमच्याकडे ते पुरुषाने उघडायचं असा अलिखित नियम होता. तो आमच्या आईने मोडला, ती हकिकत इथे सांगतो. बऱ्याच जणांनी ती आत्याकडून ऐकली असेल, पण आत्या थोडी फोडणी घालते.

१९६५ चा सप्टेंबर. पाकिस्तानशी युद्ध सुरू झालेलं. नानामामा फौजेत. सातारा जिल्ह्यात हे काही नवल नाही, कित्येक गावांत घरटी एक माणूस फौजेत असे. मामाच्या पत्रावर पत्ता फक्त ५६ एपीओ. म्हणजे तो जम्मूला आहे, पंजाबात आहे का आसामात, ते कळायला मार्ग नाही. संध्याकाळच्या मराठी बातम्यांना आई देवापुढे दिवा लावून रेडिओपाशी बसायची. बातम्यांत मामाचं नाव थोडंच येणार होतं? पण ती बसायची. आणि त्यातच एके संध्याकाळी सेट मुका झाला. दादा कामानिमित्त मिरजेला, चार दिवस येणार नव्हते. रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणाले, रांगेत सहा सेट आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. युद्धामुळे प्रत्येकाला आपला सेट आजच चालू व्हायला हवा होता.

आईचं शिक्षण मराठी चौथी. तिने सेटचा प्लग काढला, स्वयंपाक उरकला, आणि मला कंदील धरायला सांगून मागचं झाकण काढलं. मग म्हणाली, आता प्लग लाव आणि लांब उभा राहा. एकेक व्हॉल्व्ह आतून तांबडा होऊ लागला. चार लागले. एक काळाच. "हा बघ, हा मेलाय," आई म्हणाली. रेडिओवाले घरी यायचे तेव्हा ती चहा देताना बघत असे, एवढंच तिचं प्रशिक्षण. प्लग पुन्हा काढला. काच निवेपर्यंत थांबली, पदराने धरून, थोडं डावीकडे थोडं उजवीकडे हलवत, सरळ वर उचलला. त्यावरची अक्षरं उष्णतेने पुसली होती. मग तिने आतल्या नकाशावरून त्या जागेचं नाव उतरवून घेतलं. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती, म्हणून तिने चित्र काढलं. तीन दातांची एक फणी, शेजारी काटकोन, मग दोन आकडे. आकडे ती कॅलेंडरवरून ओळखायची. ते होतं ईएल ८४.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून ती आणि मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "वहिनी, मेकॅनिकला पाठवा, हे बायकांचं काम नाही." आईने कागद पुढे केला. त्याने जुना व्हॉल्व्ह तपासणीच्या यंत्रात खोचला, काटा जागचा हलला नाही. मग काही न बोलता त्याने नवीन काढून दिला. संध्याकाळी घरी तिने तो बसवला. नऊ पायांच्या वर्तुळात एके ठिकाणी मोठी फट असते, ती बैठकीतल्या फटीशी जुळवायची, जोर लावायचा नाही. प्लग लावला. व्हॉल्व्ह तापायला अर्धा-एक मिनिट लागतं. त्या मिनिटात आई हात जोडून उभी होती का नुसतीच उभी होती यावर आमच्या भावंडांत मतभेद आहेत. मग आवाज आला.

२३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. मामाचं पत्र त्यानंतर किती तरी दिवसांनी आलं. तो पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाला. दादा मिरजेहून आल्यावर काय म्हणाले? "शॉक लागला असता म्हणजे?" इतकंच. आणि ते खरंच आहे, त्यावर पुढे लिहितो. पण त्यानंतर आमच्या आळीतल्या तीन-चार घरांतून ‘काकू, जरा आमचा रेडिओ बघता का’ असं बोलावणं येऊ लागलं. आई जाऊन फक्त एवढंच सांगायची, "हा काळा आहे," किंवा "सगळे लागलेत, तर माझ्या हातचं नाही, मेकॅनिकला बोलवा." कुठं थांबायचं हे तिला कळत होतं. मला याचंच जास्त कौतुक वाटतं. त्या वर्षी दिवाळीत तिने आणखी एक ईएल ८४ आणून फडताळात ठेवला. एक गेला म्हणजे दुसराही जाईल, म्हणून.

तो दुसरा व्हॉल्व्ह बंगळुरूचा होता. भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ ची, लष्करासाठी काढलेली. १९६१ पासून तिथे रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. परकीय चलनाची तेव्हा भयंकर ओढाताण होती, आयातीवर परवान्यांची बंधनं. अशा वेळी देशी व्हॉल्व्ह मिळू लागला म्हणजे काय झालं, ते आजच्या पिढीला कळणं कठीण आहे. गरिबाच्या घरचा रेडिओ जिवंत राहिला.

आणि वीज? ती कोयनेची. १९६० ला महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झालं, १९६२ ला कोयनेचं पाणी पोफळीच्या भूमिगत वीजघरातून फिरू लागलं, आणि खेड्यापाड्यांत खांब दिसू लागले. मळ्यांतल्या मोटारी सुरू झाल्या की दाब असा उतरायचा की व्हॉल्व्ह तांबडे व्हायचे सोडून तपकिरी व्हायचे आणि गाणं खालच्या पट्टीत गेल्यासारखं वाटायचं.

११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचार नंतरची वेळ. ज्यांनी तो भूकंप अनुभवला त्यांना तारीख सांगावी लागत नाही. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. वीजघर बंद पडलं, थेट मुंबईचे दिवे गेले. आम्ही साताऱ्यात थंडीत रस्त्यावर, घोंगड्या गुंडाळून. धरण फुटलं का, हा एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी. पाटण, कऱ्हाड, सांगली, नदीकाठी सगळीकडे आपलीच माणसं. आमचा पाच व्हॉल्व्हचा सेट घरात, पाचही व्हॉल्व्ह उत्तम, आणि फडताळात एक शिल्लक. पण वीज नाही, म्हणजे लाकडाची पेटी. त्या दिवशी आम्हाला बातमी दिली ती शेजारच्या घरातल्या, वहीएवढ्या, टॉर्चचे सेल घातलेल्या ट्रान्झिस्टरने. धरण शाबूत आहे, हे पंचवीस-तीस माणसांनी त्याच्याभोवती उभं राहून ऐकलं.

त्यानंतर आळीत कुणी व्हॉल्व्हचा सेट नवा घेतला नाही. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा अमेरिकेतला, पण आमच्या आळीपुरता व्हॉल्व्ह त्या डिसेंबरात मेला. आणि त्याबरोबर आईची दुरुस्तीही संपली. ट्रान्झिस्टर तापत नाही, तांबडा होत नाही, त्यामुळे जिवंत कोण आणि मेलेला कोण हे डोळ्यांना दिसत नाही. आणि तो डाग देऊन बसवलेला, हाताने काढायची सोयच नाही. मिरजेच्या शिकलगारांनी पूर्वी तलवारींचं काम थंडावल्यावर सतारी आणि तंबोरे करायला घेतले, त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रेडिओ दुरुस्तीवाल्यांचं तसं झालं नाही. ते टेपरेकॉर्डरकडे गेले, मग टीव्हीकडे, त्यांची मुलं मोबाइलकडे.

आता गिटार. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात सत्तरच्या दशकात सांगलीला मी पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार पाहिली. ती लाउडस्पीकरवाल्याच्याच अँप्लिफायरला जोडलेली. त्या अँप्लिफायरमध्येही व्हॉल्व्हच. आणि मधूनमधून गिटारचा आवाज फाटायचा. लगेच मंडळाचा कार्यकर्ता धावायचा, "ओ, आवाज फाटतोय, कमी करा!" लाउडस्पीकरवाल्याची ती नामुष्की.

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याच्या मुलाने (पुण्याला असतो, नाव लिहिलं तर चिडेल) मला फोनवर समजावलं की याच फाटण्यासाठी जगभरचे गिटारवाले पैसे मोजतात! ट्रान्झिस्टरवर जोर पडला की आवाज करवतीने कापल्यासारखा एकदम तुटतो. व्हॉल्व्ह आधी थोडा वाकतो, मग थोडा आणखी, म्हणून त्याचं फाटणं कानाला गोड लागतं. रेडिओवाल्यांनी पन्नास वर्षं जो दोष काढायला जीव टाकला, तोच यांचा राग! लंडनमध्ये जिम मार्शल नावाचा ड्रम शिकवणारा दुकानदार होता. त्याने १९६२ मध्ये अमेरिकन फेंडरच्या अँप्लिफायरवरून स्वतःचा बनवला आणि नाव कमावलं. व्हॉक्स कंपनीचे एसी १५ आणि एसी ३० त्याच्याही आधीचे, १९५० च्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतले. बीटल्स वाजवायचे ते व्हॉक्सवर. आणि त्या व्हॉक्समध्ये कोणता व्हॉल्व्ह आहे, माहीत आहे? ईएल ८४. एसी १५ मध्ये दोन, एसी ३० मध्ये चार. लिव्हरपूलच्या पोरांच्या गिटारी आणि आमच्या आईच्या युद्धाच्या बातम्या, एकाच काचेतून.

तर या पुतनातवाकडे एसी १५ आहे. दोन ईएल ८४ आणि तीन ईसीसी ८३. आवाज बसल्यासारखा झालाय, व्हॉल्व्ह मी स्वतः बदलू का, असं त्याने विचारलं. मी म्हणालो बदल, पण आधी ऐक. दादांची ती ‘शॉक’ची भीती इथे खरी आहे. रेडिओत अडीचशे व्होल्ट असतात, या अँप्लिफायरमध्ये तीनशेच्या पुढे. आणि प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये ती वीज बराच वेळ साठून राहते. बंद पडलेल्या यंत्रात हात घालून माणसं गेली आहेत. पूर्वीच्या काही सेटांत, त्या ‘यू’वाल्या माळेच्या सेटांत, ट्रान्सफॉर्मरच नसे आणि आतली पत्र्याची बैठक थेट घरच्या विजेला जोडलेली असे. त्यातला एक व्हॉल्व्ह गेला की माळेतले सगळे विझत, मेलेला ओळखायचा कसा हेच कळत नसे. तसला सेट आईने कधी उघडला नाही, हे आमचं नशीब.

म्हणून, बंद कर, प्लग काढ, स्पीकर जोडलेलाच राहू दे. स्पीकर काढून असला अँप्लिफायर चालू केला तर शेवटचा ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि व्हॉल्व्हपेक्षा तो फार महाग. मग तासभर थांब. काच गार झाली की व्हॉल्व्ह सरळ वर काढ. बैठकीच्या आत बोट किंवा पेचकस घालू नकोस, मोठे कंडेन्सर जिथे आहेत तिकडे अजिबात जाऊ नकोस. काचेच्या डोक्यात आरशासारखा चकचकीत डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेलाच. छोटे ईसीसी ८३ एकेक करून बदलून पाहता येतात. अँप्लिफायर चालू असताना पेन्सिलीने काचेवर हलकेच टिचकी मारली आणि स्पीकरमधून ठणठण आली तर तो खिळखिळा झालाय. ईएल ८४ मात्र जोडीने बदलायचे. त्यातला एक वरची लाट ओढतो, दुसरा खालची. बैलजोडीसारखं आहे, एक ताजा आणि एक थकलेला जुंपून चालत नाही. दोघांतून सारखाच प्रवाह जातो असं तपासून जुळवलेली जोडी मिळते, तीच घ्यायची. त्याच्या एसी १५ ला जोडी बसवल्यावर वेगळी जुळवणी करावी लागत नाही. मार्शलसारख्या मोठ्या अँप्लिफायरांत ईएल ३४ असतात, तिथे बहुतेकदा नवी जोडी बसवली की जाळीवरचा दाब मीटर लावून ठरवावा लागतो. ते काम उघड्या, चालू यंत्रात करायचं असतं. ते जाणत्या माणसाकडेच द्यावं. (आईचं वाक्य मी इथे जसंच्या तसं वापरलं, ‘सगळे लागलेत, तर माझ्या हातचं नाही.’)

आता असे व्हॉल्व्ह बनतात कुठं? मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर रशियाचा माल काही काळ अडला आणि जगभर गिटारवाल्यांची धावपळ उडाली. बंगळुरूचं रेडिओ-व्हॉल्व्हचं काम कधीच थांबलं. पण तिथले जुने, न वापरलेले ईएल ८४ परदेशातले शौकीन शोधत असतात, हेही मला त्या पोराकडूनच कळलं.

फोनवर हे ऐकताना मी उठून आईचं फडताळ उघडलं. १९६५ च्या दिवाळीतला ईएल ८४ पुठ्ठ्याच्या खोक्यात तसाच आहे, कधी खोचलेलाच नाही. डोक्यावरचा आरसा अजून चकचकीत. पोराला सांगितलं तर तो फोनवरच ओरडला, आजोबा, पाठवा! पण मंडळी, एसी १५ ला जोडी लागते, आणि आईने एकच आणला होता. कुणाच्या माळ्यावर, जुन्या रेडिओच्या पेटीत, सांगलीकडच्या किंवा कऱ्हाडच्या घरी बंगळुरूचा एखादा शिल्लक असेल तर मला कळवा. ओळखायचा कसा? नऊ पाय, बोटाएवढा उंच, आणि काचेवर किंवा खोक्यावर तीन दातांची फणी, शेजारी काटकोन, मग आठ आणि चार.